मामेसासऱ्यांची हरकत

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की आता लिहायला बसलो तरी पेन आधी दुसरंच काहीतरी लिहायला बघतं. कुणी विचारलं नाही असं नाही. आमच्या गावात नवा पाहुणा आला आणि मोंढ्याच्या रस्त्यावरून चालत गेला, की हमखास म्हणतो, "रस्ता मोठा छान काढलाय हो, कुणी काढला?" मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ओव्हरसियर होतो, त्यामुळे ते बोट चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मी आपला हसतो, चष्मा पुसतो आणि विषय पाण्याच्या टँकरकडे नेतो. आता सत्तरी उलटून गेली. तेव्हा एकदाच सांगून टाकतो, की तो रस्ता माझ्या मामेसासऱ्यांनी काढला. आणि नुसता तो रस्ताच नव्हे. माझ्या उभ्या नोकरीत आमच्या नगरपालिकेला जेवढं म्हणून शहाणपण सुचलं, तेवढं सगळं या एका मेंढपाळानं प्रेक्षकांत बसून सुचवलं. त्यांना सही येत होती. पण ती करायला ते इतका वेळ घेत, की तोवर सभा तहकूब होई.

माझ्या बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं मामांनी आणि कन्यादानही त्यांनीच केलं. म्हणजे नात्यानं मामेसासरे, पण मानानं सासरेच. गावाच्या कडेला माळाला लागून त्यांचं घर होतं, थोडी कोरडवाहू जमीन होती आणि तरुणपणी मेंढरांचं एक खांड, म्हणजे अख्खा कळप होता. पुढे मेंढरं विकली, पण ती त्यांच्या डोक्यातून काही गेली नाहीत. जगातली प्रत्येक गोष्ट ते मेंढरांत मोजत. लग्नाचा मांडव बघून म्हणत, "दोन खांडं निवांत बसत्याल." एसटी आली की, "साठ येत्याल, पर कोकरं मांडीवर घ्यावी लागत्याल." मी कर्ज काढून घर बांधलं. वास्तुशांतीला आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी फरशीचं कौतुक केलं. मामा बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालले आणि गंभीरपणे म्हणाले, "बेस झालंय जावईबापू. आठ मेंढरं बसत्यात. नववं उभं ऱ्हाईल." माझ्या बायकोला यात काही वावगं वाटलं नाही. तिनं विचारलं, "अन् सैपाकघरात, मामा?"

नगरपालिकेची सर्वसाधारण सभा हे त्यांचं व्यसन होतं. दुसऱ्या माणसाला तमाशाचं असतं, कुस्त्यांचं असतं, तसं. सभेची विषयपत्रिका नोटीस बोर्डावर लागली की मी ती घरी सांगावी, बायकोनं ती फोनवरून मामांना वाचून दाखवावी, आणि सभेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी मामांनी सभागृहाच्या पायरीवर येऊन बसावं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खांद्यावर घोंगडी, हातात डोक्याएवढी उंच काठी. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या असत. मामा खुर्चीवर आधी घोंगडी अंथरत आणि मग बसत. "खुर्ची सरकारची हाय," ते सांगत, "आपली आपुन घिऊन यावं." नगरसेवकांची हजेरी सुरू झाली, की प्रत्येक नावाला ते मान डोलवत आणि गैरहजर माणसाचं नाव आलं की मोठ्यानं खाकरत. एकदा गणसंख्या एका माणसानं कमी पडत होती. नवीन आलेल्या लिपिकानं मामांकडे आशेनं बघितलं. मामा म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. मी निवडून आलो तर तुमाला झोप लागायची न्हाई."

रस्त्यावरून चालायची त्यांची तऱ्हाही निराळी होती. ते कडेनं कधी चालत नसत. कडेनं कुत्रं चालतं, माणसानं मधून चालावं, असं त्यांचं मत. जालन्याच्या एमआयडीसीतून लोखंडी सळया भरून निघालेला ट्रक मागून कर्णा वाजवत आला तरी मामा मागे न बघता काठी आडवी धरत आणि जिभेनं 'हुर्रर्र' असा आवाज काढत. ट्रक थांबे! का थांबे ते ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. एकदा अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेला, दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आमच्या चौकात आडवा अडकला. दोन्हीकडे वाहनांच्या रांगा लागल्या. पोलिसानं शिट्टी वाजवून वाजवून गाल सुजवून घेतले. मामांनी घोंगडी माझ्या हातात दिली आणि काठीनं एकेका गाडीच्या बोनेटला हलकेच शिवत, "तू हिकडं. तू थांब. तुजी आय फुडं गेली, तू बी जा," असं करत दहा मिनिटांत चौक मोकळा केला. पोलिसानं चहा पाजला. मामा मला म्हणाले, "मेंढरापरीस सोपं हाय. गाडी मागं वळून बघत न्हाई."

आता मी हे हसत हसत लिहितो आहे, पण त्या काळी मला हसू येत नसे. घाम येत असे. कारण मीही त्याच घरातला. माझ्या वडिलांनीही मेंढरं राखली, मीही शाळेच्या सुट्ट्यांत त्यांच्याबरोबर फिरलो, आणि डिप्लोमा होऊन नगरपालिकेत लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर ते सगळं झटकून टाकलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलताना 'न्हाई' नाही, 'नाही'. आणि भरल्या सभागृहात प्रेक्षकांतून खणखणीत हाक यायची, "जावईबापू, आवाज यिऊन न्हाई राह्यला! जरा मोठ्यानं वाचा!" नवीन मुख्याधिकारी आले होते. त्यांनी मला विचारलं, "कोण हे?" मी म्हणालो, "गावातले एक गृहस्थ आहेत, साहेब." मामांच्या कानावर हे गेलं असणार, त्यांचे कान लांडग्याची चाहूल घेणारे होते. पण त्यांनी कधी दाखवलं नाही.

मग मोंढ्याच्या रस्त्याचा विषय आला. मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाणारा हा आमच्या गावचा मुख्य रस्ता. एका हाताला मोठी दुकानं, दुसऱ्या हाताला चौदा बुटकी घरं. कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा चपलांचा ठेला, कुणाची पिठाची गिरणी, आणि त्यामागे एकेक खोलीत सगळं कुटुंब. रस्ता रुंद करून बारा मीटरचा करायचा, मधोमध दुभाजक घालायचा आणि वर सुशोभीकरण करायचं, असा ठराव आला. सुशोभीकरणासाठी मोठ्या शहरातून सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. त्यांत आमचा रस्ता होता, पण त्यावर गोरी माणसं कुत्री घेऊन फिरत होती. मामा उठून उभे राहिले. प्रेक्षकांना बोलायची परवानगी नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्याला विचारलं, एवढंच. मात्र ते असं विचारलं, की नगराध्यक्षांनाही ऐकू गेलं. "ही मंडळी आपल्या गावात कवा आल्ती?" पुढच्या चित्रात ताडासारखी उंच शोभेची झाडं होती. मामा शेजाऱ्याला म्हणाले, "ह्याची सावली कुणाच्या कामाची? उंटाच्या?" तिसऱ्या चित्रात चौकात कारंजं होतं. "नळाला पाणी आठ दिवसाला," मामा म्हणाले, "अन् हे रोज उडणार? मंग बायका हंडे घिऊन तिथंच जात्याल. जाऊ द्या, खर्चा वसूल हुईल." सभागृह हसलं. नगराध्यक्षही हसले, आणि कारंजं अंदाजपत्रकातून गेलं. त्याच्या पैशात पुढे दोन्ही बाजूंना फरसबंदी पायवाट झाली. उंच झाडंही गेली. त्यांच्या जागी करंज आणि कडुनिंब आले.

नकाशा मी काढला होता. खरं सांगायचं तर कचेरीत बसून काढला होता. उन्हाळा होता, वर पंखा होता. तेव्हाच्या डांबराची रुंदी घेतली, तिचा मध्य काढला, आणि त्या मध्यापासून दोन्हीकडे सहा-सहा मीटर टाकले. रस्त्यात एक जुना निंब उभा होता, तो त्या नकाशात वाहतुकीत येत होता. त्यावर फुली मारली. आणि बुटक्या घरांच्या बाजूला रेघ अशी आली, की चौदाही घरांच्या पुढच्या भिंती आत साडेतीन फूट जात होत्या. एका खोलीच्या घरातून साडेतीन फूट गेले की काय उरतं? उरते ती बोळ. नोटिसा निघाल्या. लोकांनी हरकती दिल्या. बहुतेकांनी हात जोडून लिहिलं होतं, की आम्ही गरीब आहोत, दया करा. दयेला नियमात कलम नसतं.

सुनावणी सभागृहातच झाली. सगळे नगरसेवक, मुख्याधिकारी, दोन्ही बाजूंचे लोक. मामांनीही हरकत दिली होती. अंगठा न लावता, सही करून. त्यांना बोलायचा हक्क पहिल्यांदाच मिळाला होता, आणि ते लग्नाला येतात तसे धुतलेलं धोतर नेसून आले होते.

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचं घर या रस्त्यावर आहे का?"

"न्हाई साहेब. म्हून तर मी बोलून राह्यलो. ज्याचं हाय त्याच्या तोंडाला कोरड पडलीय."

"मग हरकत काय?"

"रस्त्याचा मधला सरकलाय." मामांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली. "ही सडक. हा निंब. माझ्या पोरपणी निंब बराबर मधी व्हता. आमची मेंढरं जायची तर निंबाच्या ह्या अंगानं सात अन् त्या अंगानं सात. आता घरांच्या अंगानं सातच जात्यात. दुकानांच्या अंगानं तीन. मंग मला सांगा साहेब, बाकीची चार मेंढरं कुणाच्या दुकानात शिरली?"

दुकानदारांच्या रांगेत कुणीतरी पाय हलवायचं थांबलं. मुख्याधिकारी माझ्याकडे वळले. "ओव्हरसियर, काय म्हणणं आहे तुमचं?"

मी उभा राहिलो. नकाशा माझा होता. सही माझी होती. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि मामाही बघत होते. विश्वासानं, जावई आता आपली बाजू घेणार अशा डोळ्यांनी. मी म्हणालो, "साहेब, नगरपालिकेचा नकाशा मीटरमध्ये असतो, मेंढरांत नसतो. हे गृहस्थ अशिक्षित आहेत. यांची हरकत विचारात न घेता दप्तरी दाखल करावी."

केवढा हशा झाला! एक नगरसेवक तर 'बेंऽऽ' करून ओरडला. मामांनी काठी उचलली. त्यांचा चेहरा क्षणभर नको त्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा झाला. मग ते हात जोडून मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "जावईबापू म्हणत्यात तर मंग बराबर आसंल. ते शिकल्यालं हायत." आणि जाऊन घोंगडीवर बसले. सुनावणी संपेपर्यंत बसून राहिले. मध्येच उठून जाणं त्यांना माझा अपमान वाटला असता.

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जावयाला दुखवत नाहीत. जावई चुकला तरी त्याची चूक पदराखाली घेतात, चारचौघांत त्याला उलट बोलत नाहीत. त्याला उणं बोललं की आपल्या लेकीला उणं बोलल्यासारखं. मामांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं माझ्या वडिलांची मेंढरं त्या सभागृहात मोजून दाखवली असती. मामांना ते येत नव्हतं असं नाही. मी जावई होतो, म्हणून ते बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फीता घेऊन मोंढ्याच्या रस्त्यावर गेलो. कचेरीच्या कपाटातून निजामाच्या वेळचा जुना नकाशा काढला होता. शिपायाला फित्याचं टोक धरायला लावलं. नकाशातल्या खुणेप्रमाणे मोजत गेलो, तो हद्दीचा दगड सापडला. कुठे? एका मोठ्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीखाली. दुकानांचे ओटे, पायऱ्या, पत्रे वर्षावर्षानं पुढे सरकले होते आणि डांबर बिचारं त्यांना वाट देत घरांच्या बाजूला राहिलं होतं. खरा मध्य निंबातून जात होता. मामांची चार मेंढरं म्हणजे जवळजवळ दोन मीटर. फित्यात आणि त्यांच्यात वीतभराचासुद्धा फरक निघाला नाही.

मी नकाशा दुरुस्त केला. घरांच्या भिंती वाचल्या, फक्त पुढच्या पायऱ्या गेल्या. निंब दुभाजकात आला आणि वाचला. दुकानदार कुरकुरले; पण दगड त्यांच्याच पायरीखालून निघालेला, बोलणार काय? आणि अहवालात मी लिहिलं, 'फेरतपासणीत सदर बाब निम्नस्वाक्षरीकाराच्या निदर्शनास आली.' निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मी. मामांच्या हरकतीचा त्यात एक ओळ उल्लेख करता आला असता. ती ओळ मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. ती ठेवली असती तर आदल्या दिवशीचं माझं बोलणंही लिहावं लागलं असतं.

चौदा घरांनी मिळून माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. शिवणयंत्रवाल्याची म्हातारी आई माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडत म्हणाली, "लेकरा, माझी भिंत तुझ्या हातानं ऱ्हायली." समोर घोंगडीवर बसून मामा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते आणि सगळ्यांच्या नंतर थांबले. वर गावभर सांगत सुटले, "आमच्या जावयानं दगूड हुडकून काढला! मोठमोठ्या इंजनेराला बी जमलं नसतं!" ते थट्टेनं म्हणत असते तर मी सुटलो असतो. ते मनापासून म्हणत होते.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पुढे धोंड्याचा महिना आला. मामांनी रीतीप्रमाणे जेवायला बोलावलं, पाटावर बसवलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. मी हात जोडले आणि म्हणालो, "मामा, त्या सुनावणीत माझं जरा…" मामांनी माझे हात धरून ताटाकडे नेले. "जावयानं हात जोडायचे नसत्यात, धुवायचे आसत्यात. आन घ्या अजून एक. न्हाई म्हणायचं न्हाई." असं दर वेळी. मी तोंड उघडलं की ते त्यात काहीतरी घालत.

मात्र एक गोष्ट त्यांनी मला कायमची दिली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही रेघ पंख्याखाली बसून काढली नाही. आधी रस्त्यावरून मधोमध चालायचं, कडेच्या माणसांना विचारायचं, की आधी इथे काय होतं, मग कागद. लोक माझ्या कामाला चांगलं म्हणू लागले, वरिष्ठांनी शाबासकी दिली, आज पेन्शन घेऊन मान वर करून फिरतो, ते सगळं मामांचं आहे. रोज संध्याकाळी मी मोंढ्याच्या रस्त्यानं जातो. चौदा घरांपैकी कुठल्या तरी घरातून चहाची हाक येतेच. मी तो चहा पितो. उपकार माणसाला जड होतात म्हणतात. मला मामांचे उपकार जड नाहीत, मी त्यांच्यावरच उभा आहे. जड आहे ते दुसरंच.

मामा शेवटी आजारी होते तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. अंगणात बाजेवर पडून होते. मला बघून म्हणाले, "काय विषय हायत यंदा सभेत?" मी निवृत्त झालो होतो, तरी मुद्दाम कचेरीत जाऊन विषयपत्रिका आणली होती. वाचून दाखवली. गटारीच्या विषयावर ते थोडे तापले, मग थकले. मी म्हणालो, "मामा, एक बोलायचं राहिलंय."

"बोला की. पर आदी च्या घ्या."

चहा येईपर्यंत त्यांचा डोळा लागला. आठवड्यानं ते गेले.

नगरपालिकेनं शोकसभा घेतली. नगरसेवक नसलेल्या माणसासाठी त्या सभागृहात झालेली ती पहिलीच. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तेच सभागृह, मी उभा होतो तीच जागा. मी घोंगडीचं बोललो, कारंज्याचं बोललो, उसाच्या ट्रॅक्टरचं बोललो. लोक डोळे पुसत हसले. खाली बसल्यावर बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "आजबी न्हाईच बोललात."

तिला काय ठाऊक आहे आणि काय नाही, मी विचारलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, दुसऱ्या दिवशी फीता टाकल्यावर मला खरं कळलं. ते तसं नाही. म्हणून जे सभागृहात, ताटावर, बाजेपाशी जमलं नाही, ते आता इथे लिहितो.

मामा, तुम्ही सात आणि सात म्हणालात, तेव्हाच मला कळलं होतं. माझ्या वडिलांच्या मेंढरांमागून मी त्या निंबाच्या दोन्ही अंगांनी चालत गेलो आहे. मी उभा राहिलो तेव्हा ती मनातल्या मनात मोजली, आणि मगच तोंड उघडलं. दोन्ही अंगांना सातच होती. माझं चुकलं, मामा.